तरंगणारा बोट-ट्रेलर: रॅम्पवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोट बाहेर काढायला रॅम्पवरून, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या उतारावरून, ट्रेलर पाण्यात घालावा आणि त्याचं मागचं टोक अलगद वर येऊन एका बाजूला सरकायला लागावं, हा प्रकार हलका ट्रेलर वापरणाऱ्यांना चांगलाच ठाऊक असतो. मागे रांग लागलेली असते, बोटीवरून कोणीतरी ओरडत असतं, आणि गाडीत बसलेल्याला आरशात पाण्याबाहेर आलेले दोन दांडे तेवढे हलताना दिसतात. अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, "मागे वजन बांधा." माझ्या मते तो शेवटचा उपाय आहे. तरंगणारा ट्रेलर बहुतेक वेळा गरजेपेक्षा खोल गेलेला असतो. म्हणून या पानावर आधी खोलीबद्दल, मग दोरांबद्दल आणि वजनाबद्दल त्यानंतर लिहिलं आहे.

धातूचा ट्रेलर तरंगतोच कसा?

धातू बुडतो, पण ट्रेलर म्हणजे नुसता धातू नाही. त्याला चाकं असतात आणि चाकांत हवा असते. पोहायला शिकताना ट्रकच्या टायरची ट्यूब धरून तरंगतात तसंच हे, फक्त ट्यूबवर माणसाऐवजी ट्रेलर असतो.

आकडेच मांडू. १४ इंची रिमवरचा २०५ मिलिमीटर रुंद टायर घ्या. त्याचा बाहेरचा व्यास साधारण ६६ सेंटिमीटर. पूर्ण बुडाल्यावर असं एक चाक ४५ ते ४८ लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे पाणीही त्याला जवळपास तेवढेच किलो वर ढकलतं. चाकाचं रिमसकट वजन १७ किलोच्या आसपास. वजावट केली की प्रत्येक चाकामागे सुमारे ३० किलोचा वरचा जोर उरतो. दोन ॲक्सलच्या ट्रेलरला अशी चार चाकं, म्हणजे एकूण १२० किलो.

आता बाकीचे भाग. पोलाद पाण्यात आपल्या वजनाच्या आठव्या हिश्शाइतकंच हलकं होतं. ॲल्युमिनियमची घनता पाण्याच्या २.७ पट, त्यामुळे ते तब्बल ३७ टक्के हलकं होतं. ज्या लांब फळ्यांवर बोट टेकते ते बंक कोरड्या लाकडाचे असतील, तर ते उलट ट्रेलरला वरच ओढतात.

समजा दोन ॲक्सलचा ॲल्युमिनियमचा ट्रेलर आहे. फ्रेम १४० किलो, ॲक्सल, हब, ब्रेक, स्प्रिंगा असं पोलाद ११० किलो, चाकं ६८ किलो आणि बंक १६ किलो. जमिनीवर एकूण ३३४ किलो. पूर्ण पाण्याखाली फ्रेम उरते ८८ किलोची, पोलाद ९६ किलोचं. त्यातून चाकांचे १२० आणि बंकांचे १६ किलो वजा करा. हातात राहिले ४८ किलो. त्यातही फ्रेमचं पुढचं निम्मं वजन गाडीच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या गोळ्यावर, असतं. म्हणजे मागच्या भागाचा रॅम्पवर पडणारा भार जवळपास शून्य! पायाने ढकलला तरी सरकेल अशी अवस्था. मग आडवा प्रवाह आला की तो जागचा हलणारच.

याच आकाराचा पोलादी ट्रेलर सहसा असा त्रास देत नाही. त्याची ३५० किलोची फ्रेम पाण्यातही तीनशेच्या वर भरते.

माझा ट्रेलर तरंगणारा आहे का, हे आधी कसं ओळखायचं?

वारा पडलेला असेल आणि रॅम्प रिकामा असेल अशा वेळी जा. बोट बांधावर किंवा धक्क्याला ठेवा आणि नुसता ट्रेलर हळूहळू पाण्यात घाला. एक माणूस बाजूला उभा करा. गाडीत बसून आरशातून अंदाज बांधणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

बाजूच्या माणसाने मागच्या मडगार्डकडे बघत राहायचं. ट्रेलर उतारावरून खाली जातोय तोवर मडगार्डही पाण्यात खाली खाली जायला हवं. एका क्षणी गाडी मागे येत असते, पण मडगार्ड खाली जायचं थांबतं. पाण्याची रेघ त्याच्यावर जिथल्या तिथे राहते आणि मागचे दिवे किंचित डोलायला लागतात. त्या क्षणी चाक जमिनीवरून सुटलेलं असतं. फ्रेमच्या टोकातून बुडबुडे येत असतील तर तेही बघून ठेवा, त्याचा विषय पुढे येतो.

चाक सुटलं तिथे गाईड पोस्टवर, म्हणजे मागच्या दोन उभ्या दांड्यांवर, पाण्याच्या रेघेला रंगीत टेप गुंडाळा. यापुढे टेप पाण्याला टेकायच्या आत थांबायचं. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे आणि माझ्या मते सगळ्यात कामाचाही. टेपची जागा उताराप्रमाणे थोडी बदलते, तेव्हा वेगळ्या रॅम्पवर गेलात तर पुन्हा एकदा तपासून घ्या.

मग नेमकं किती खोल जायचं?

सर्वसाधारण खूण म्हणजे मडगार्डचा माथा. तो पाण्याच्या पातळीला आला की बहुतेक बोटींना पुरे होतं. ट्रेलर तरंगणारा असेल तर त्याच्याही थोडं अलीकडे थांबा, मडगार्डचा वरचा वाकलेला भाग बाहेर दिसत राहू द्या.

कार्पेट लावलेले बंक असतील तर एक युक्ती करा. आधी ट्रेलर जरा जास्त आत घालून बंक पूर्ण भिजवून घ्या आणि लगेच पुढे ओढा. बंकांचा दोन-तृतीयांश भाग पाण्यात आणि पुढचा एक-तृतीयांश बाहेर, अशा ठिकाणी थांबा. ओलं कार्पेट बोटीला सहज सरकू देतं, त्यामुळे कमी खोलीतही काम होतं. बंकांऐवजी फिरते रोलर असलेल्या ट्रेलरला याहून कमी पाणी पुरतं.

कमी खोलीचा दुसरा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, बंकांना टेकली की बोट आणि ट्रेलर एकमेकांना धरून राहतात, शिवाय बोटीचं वजन ट्रेलरला खाली दाबतं. खोल पाण्यात बोट बंकांच्या वर मोकळी तरंगते, खाली ट्रेलरही मोकळा तरंगतो, आणि दोन मोकळ्या वस्तू एका रेषेत आणत बसावं लागतं. शेवटचा अर्धा-पाऊण मीटर विंचने, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या खांबावरच्या रहाटाने, ओढावा लागला तर ओढा. हाताला थोडे कष्ट पडतील, पण खोली बरोबर आहे असं समजा. विंच लावायच्या आधीच बोट खांबापर्यंत पोचत असेल तर तुम्ही जास्त आत गेला आहात.

टायरमधली हवा कमी केली तर ट्रेलर बुडेल का?

नाही. हा गैरसमज रॅम्पवर कायम ऐकू येतो. टायर पाण्यात किती जागा व्यापतो यावर वरचा जोर ठरतो, आत किती दाबाने हवा भरली आहे यावर नाही. अर्धी हवा सोडली तरी टायरचा आकार जवळपास तोच राहतो. सोडलेल्या हवेचं वजन म्हणाल तर शंभर ग्रॅमच्याही आत, म्हणजे ती सोडल्याने टायर आणखी किंचित हलकाच झाला. वर कमी हवेवर हमरस्त्याने घरी जायचं, म्हणजे टायर तापून फुटायची सोय.

टायरमध्ये पाणी भरलं तर?

शेतीच्या ट्रॅक्टरला पकड मिळावी म्हणून टायरात पाणी भरतात, तिथूनच ही कल्पना आलेली दिसते. ट्रॅक्टर शेतात संथ चालतो. बोटीचा ट्रेलर रस्त्यावर वेगाने धावतो. पाणी भरलेलं चाक वेगात हादरे देतं, बेअरिंग आणि ॲक्सलवर नको तेवढा भार टाकतं, रिम आतून गंजवतं. नको.

बोट चढवताना ट्रेलर एका बाजूला सरकला. आता काय करू?

थांबा. गाडी पुढे घेऊ नका. बोट अर्धी चढलेली आणि ट्रेलर तिरका, अशा स्थितीत ओढलं तर बोट तिरकीच बसते. बाहेर आल्यावर कळतं की बोटीचा कणा मधल्या रोलरवर नसून एका बाजूच्या बंकावर आहे, किंवा बोटीची कूस मडगार्डच्या कडेवर टेकली आहे. फायबरला तडा जायला असं एकदा होणं पुरेसं असतं.

विंचचा पट्टा सोडा आणि बोट मागे घेऊन दोराने धक्क्याला धरून ठेवा. मग रिकामा ट्रेलर अगदी संथ पुढे ओढा. चाकं जमिनीला लागली की तो आपोआप गाडीच्या मागे सरळ येतो, कारण ओढताना ट्रेलर नेहमी ओढीच्या रेषेत यायला बघतो. चाकं टेकली की पुन्हा मागे घ्या, पण या वेळी आधीपेक्षा हातभर अलीकडे थांबा. रांगेतल्या लोकांना दोन मिनिटं जास्त थांबावं लागेल. थांबतील.

बोट तिरकी बसली हे बाहेर काढल्यावर लक्षात आलं, तर रॅम्पवरच पुन्हा मागे जा. बोटीचा मागचा भाग जेमतेम तरंगेल एवढंच पाणी घ्या, दोराने तो मध्यावर आणा आणि मग पुढे ओढा. कोरड्यावर ढकलून किंवा पहारीने सरकवून बोट सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

प्रवाह किंवा वारा आडवा असेल तर?

अशा वेळी दोर लागतात. ट्रेलरच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांना, गाईड पोस्टच्या बुडाशी, एकेक लांब दोर आधीच बांधून ठेवा. ट्रेलर पाण्यात गेल्यावर प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडचा दोर धक्क्यावरच्या माणसाने धरायचा. जोर फारसा लागत नाही, कारण तरंगणारा ट्रेलर ओढायला हलका असतो. एक माणूस सहज धरू शकतो. मात्र दोर मनगटाला किंवा हाताला गुंडाळायचा नाही. धक्क्यावर खुंटा असेल तर त्याला एक वेढा देऊन धरावा, म्हणजे वेळ पडल्यास झटकन सोडता येतो.

धक्का एकाच बाजूला असेल आणि प्रवाह ट्रेलरला धक्क्याकडे ढकलत असेल, तर माणसाने धक्का आणि ट्रेलर यांच्यामध्ये पाण्यात उतरायचं नाही. हलका असला तरी तो तीनशे किलोचा सांगाडा आहे, सुटला की मांडी चेपायला पुरेसा आहे.

समुद्रकाठच्या रॅम्पवर वेळ निवडणं हाच अर्धा उपाय. भरती किंवा ओहोटी पालटताना पाणी काही वेळ जवळजवळ स्थिर असतं. बोट काढायची वेळ त्याच्या आसपास ठरवली तर दोरांची गरजही पडणार नाही. लाटा येत असतील तर मामला वेगळा. तेव्हा ट्रेलर नुसता सरकत नाही, प्रत्येक लाटेबरोबर वरखाली आपटतो आणि बंक बोटीच्या तळाला खालून ठोसे देतात. लाटांमध्ये तरंगणाऱ्या ट्रेलरवर बोट चढवायचा अट्टहास करू नका, आडोशाचा रॅम्प शोधा.

गाईड पोस्ट बसवले की प्रश्न सुटतो ना?

अर्धा सुटतो. पोस्टमुळे ट्रेलर पाण्याखाली कुठे आहे ते दिसतं आणि बोट दोन दांड्यांच्या मध्ये येते. पण पोस्ट ट्रेलरलाच जोडलेले असतात. ट्रेलर तरंगत असेल आणि बोट एका पोस्टवर टेकली, तर पोस्ट बोटीला थोपवत नाही, ट्रेलरच बोटीबरोबर निघतो. चाकं जमिनीवर असतील तरच पोस्ट आपलं काम करतात.

फ्रेमच्या नळ्या बंद आहेत. भोकं पाडून आत पाणी जाऊ द्यावं का?

आधी भोकं खरंच नाहीत ना ते बघा. गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज केलेल्या चौकोनी नळ्यांना भोकं असावीच लागतात, नाहीतर आत अडकलेल्या हवेमुळे आणि ओलाव्यामुळे जस्ताच्या टाकीत स्फोट होऊ शकतो. बहुतेक वेळा भोकं असतात, पण चिखलाने, वाळूने किंवा कोळ्यांच्या जाळ्यांनी बुजलेली. तार घालून साफ करा. बुडबुडे बघून ठेवायला सांगितलं होतं ते यासाठी. ट्रेलर पहिली दोन-तीन मिनिटं तरंगतो आणि मग हळूहळू बसतो, असं होत असेल तर हवा बारीक भोकातून रेंगाळत बाहेर पडते आहे. तिथे उपाय एकच: ट्रेलर पाण्यात घालून नळ्या भरेपर्यंत थांबायचं आणि मगच बोट आणायची.

खरोखर बंद असलेल्या नळ्यांचा हिशोब असा. १०० बाय ५० मिलिमीटरची ५ मीटर लांब नळी २५ लिटर पाणी सारते. अशा दोन असतील तर ५० किलोचा वरचा जोर. आकडा लहान नाही, त्यामुळे भोक पाडायचा मोह होतो. पण नळी साध्या पोलादाची आणि बाहेरून नुसती रंगवलेली असेल तर आतून तिला संरक्षण नसतं. खारं पाणी आत गेलं की ती आतून खात जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. शिवाय भोक चुकीच्या जागी, वेल्डजवळ किंवा वाक जास्त येतो अशा मधल्या भागात वरच्या-खालच्या बाजूला पडलं, तर तिथूनच तडा सुरू होतो. ट्रेलर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. गोड्या पाण्यातला गॅल्व्हनाइज्ड ट्रेलर असेल तर गोष्ट सोपी आहे, तरीही विचारा.

भोकं असलेला ट्रेलर बाहेर काढल्यावर रॅम्पच्या माथ्यावर थोडं थांबून पाणी निथळू द्या. नळ्यांमध्ये पन्नास लिटर पाणी घेऊन निघण्यात अर्थ नाही.

वजन बांधायचंच असेल तर कशाचं, कुठे आणि किती?

खोली कमी करून आणि दोर लावूनही भागत नसेल तर वजनाकडे या. पाण्यात सगळी वजनं सारखी नसतात. ट्रेलरच्या मागच्या भागावर पाण्याखाली २० किलोचा दाब हवा असेल, तर पोलाद २३ किलो लागेल, शिसं २२ किलो. काँक्रीटचा ठोकळा मात्र ३४ किलोचा लागेल, आणि कोरड्या वाळूच्या पिशव्या बत्तीस किलोच्या आसपास. रस्त्यावर ओढायला हे सगळं वजन पूर्ण असतं, पाण्यात मात्र काँक्रीट आणि वाळू हात आखडता घेतात. म्हणून भरीव पोलादी पट्टी सगळ्यात बरी. ती गॅल्व्हनाइज करून बोल्टने पक्की बसवता येते. शिसं लावायचंच तर बंद आवरणात लावा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला पोलाद थेट चिकटवू नका, मध्ये रबर किंवा प्लॅस्टिकचा तुकडा द्या. नाहीतर खाऱ्या पाण्यात दोन धातूंच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजायला लागतं.

वजनाची जागा किलोंपेक्षा महत्त्वाची आहे. सहज सुचतं ते अगदी मागच्या आडव्या पट्टीवर बांधायचं, कारण तिथेच ट्रेलर वर येतो. तसं करू नका. ॲक्सलच्या मागे टाकलेलं वजन पुढच्या बॉलवरचा भार कमी करतं. हा भार ट्रेलर आणि बोट मिळून होणाऱ्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावा. तो फार घटला की वेगात ट्रेलर शेपटासारखा डावा-उजवा हलायला लागतो आणि गाडीलाही घेऊन जातो. रॅम्पवरची कटकट मिटवताना रस्त्यावर जीव धोक्यात घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. वजन ॲक्सलवर किंवा दोन ॲक्सलच्या मधोमध, जितकं खाली जमेल तितकं खाली, आणि दोन्ही बाजूंना सारखं बसवा.

एकूण वजन ट्रेलरच्या पाटीवर लिहिलेल्या मर्यादेत राहतंय ना, हे काट्यावर बघा. इंधन, नांगर, बॅटरी, शीतपेटी धरून बोट कागदावरच्या आकड्यापेक्षा जड भरतेच. मर्यादेला आधीच टेकला असाल तर वजनाचा विचार सोडून द्या. मर्यादेत जागा असेल आणि लाकडी बंक बदलायची वेळ आली असेल तर प्लॅस्टिकच्या घन पट्ट्यांचा विचार करा. त्यांची घनता पाण्याइतकीच असल्याने त्या ट्रेलरला वर ओढत नाहीत, म्हणजे पाण्याखाली पंधराएक किलोचा फरक पडतो, पण रस्त्यावर त्या लाकडापेक्षा जडही भरतात.

कोणीतरी मडगार्डवर किंवा फ्रेमवर उभं राहिलं तर?

जमतं असं दिसतं, म्हणून लोक करतात. शेवाळलेली ओली फ्रेम, पाण्याखाली न दिसणाऱ्या फटी आणि समोरून येणारी टनाची बोट. पाय घसरून फ्रेमच्या फटीत अडकला तर बोट थांबवायला कोणाला वेळ मिळत नाही. उभं राहू नका, मुलांना तर ट्रेलरच्या जवळपासही येऊ देऊ नका.

बोट पाण्यात सोडतानाही ट्रेलर तरंगतो का?

बोट ट्रेलरवर असेपर्यंत तिचं वजन त्याला दाबून ठेवतं. त्रास बोट सुटण्याच्या क्षणी होतो. दाब एकदम जातो, ट्रेलरचा मागचा भाग वर उसळतो आणि बंकाचं टोक मोटरच्या खालच्या भागाला किंवा पंख्याला लागतं. म्हणून सोडताना मोटर वर उचललेली ठेवा, बोट दोराने मागे-बाजूला घ्या आणि ती मोकळी झाल्या झाल्या ट्रेलर पुढे काढा.

एक चूक इथे नेहमी होते. बोटीला मागून ट्रेलरशी बांधणारे पट्टे सोडायचे राहून जातात. मग बोट तरंगताना ट्रेलरलाही उचलते, आणि पाहणाऱ्याला वाटतं ट्रेलरच तरंगतोय. या अवस्थेत ताणलेले पट्टे कापायला पाण्यात उतरू नका. गाडी पुढे घेऊन चाकं जमिनीवर आणा, ताण गेला की पट्टे सोडा. मागचे पट्टे रॅम्पवर उतरायच्या आधी सपाटीवरच काढायचे. विंचचा पट्टा आणि नाळेची साखळी मात्र पाण्याच्या काठापर्यंत राहू द्यायची.

आमच्या रॅम्पचा उतार फारच कमी आहे. खोल गेल्याशिवाय बोट तरंगतच नाही.

साधारण १२ ते १५ टक्के उतार बोटींसाठी सोयीचा मानतात, म्हणजे १० मीटर पुढे गेलं की पाणी सव्वा ते दीड मीटर खोल. उतार याहून फार कमी असेल तर मागची चाकं पूर्ण बुडून सुटतात आणि तरी पुढे नाळेखाली पाणी अपुरंच असतं. गाडीही पाण्यात जायला लागते. अशा वेळी ट्रेलरचा पुढचा दांडा लांबवणारा जोड लावणं हा चांगला मार्ग, तोही ट्रेलर बनवणाऱ्याने दिलेला. गाडी कोरडी राहते आणि ट्रेलरला पुढून धरणारा हातही घट्ट राहतो.

काही जण ट्रेलर गाडीपासून सोडवून पुढच्या छोट्या चाकावर टेकवतात आणि दोराने खाली सोडतात. जड पोलादी ट्रेलरला हे चालून जातं. तरंगणाऱ्या ट्रेलरला अजिबात नाही. बॉलने धरलेलं पुढचं टोक हीच त्याला उरलेली एकमेव पकड असते, ती सोडली की तो कुठल्याही दिशेला जाऊ शकतो. त्याच कारणाने कपलरची, म्हणजे बॉलला पकडणाऱ्या पुढच्या भागाची, खिट्टी लागली आहे ना आणि तिच्यात पिन आहे ना, हे प्रत्येक वेळी हाताने ओढून बघा. ट्रेलर डोलायला लागला की अर्धवट बसलेला कपलर बॉलवरून उडी मारतो. सुरक्षा साखळ्या पाण्यात जातानाही जोडलेल्याच ठेवायच्या.

ट्रेलर सरकून चाक रॅम्पच्या कडेवरून किंवा टोकावरून खाली गेलं. कसं काढायचं?

तरंगत असताना ट्रेलर काँक्रीटची कड ओलांडून जातो आणि कळतही नाही. गाडी पुढे घेतली की चाक किंवा ॲक्सल कडेला अडकतो. इथे ॲक्सिलरेटर दाबला तर ॲक्सल वाकतो. कित्येक रॅम्पच्या टोकाला खड्डा असतो. इंजिनच्या जोरावर बोटी ट्रेलरवर चढवताना पंख्याच्या झोताने तळ उकरला जातो, त्यातून तो तयार होतो. म्हणून काही रॅम्पवर अशा चढवण्याला मनाईच असते.

बोट ट्रेलरवर असेल तर आधी ती काढा. मग ज्या गुणामुळे घोळ झाला त्याचाच उपयोग करा. ट्रेलर पुन्हा थोडा मागे, चाक सुटेल इतक्या पाण्यात घ्या. तो तरंगला की मागच्या कोपऱ्यांच्या दोरांनी बाजूला ओढून रॅम्पच्या मध्यावर आणा, आणि दोर ताणलेले ठेवूनच गाडी पुढे घ्या. जमिनीवर चार माणसांनी उचलला नसता असा सांगाडा पाण्यात दोघं हलवतात. पाणी ओसरत असेल तर घाई करा. पातळी खाली गेली की ही सोय गेली आणि मग क्रेनशिवाय गत्यंतर नाही.

छोट्या डिंगीची ट्रॉली तर कायमच तरंगते. काही करावं लागेल का?

किनाऱ्यावरच्या फुगीर चाकांच्या हलक्या ट्रॉल्या तरंगणारच. त्यांना वजन बांधू नका, हाताने ओढायची वस्तू हलकीच बरी. बोट आणि ट्रॉली दोन्ही हातात धरता येतील एवढ्याच पाण्यात, म्हणजे गुडघाभर, काम उरका. बोट गेली की ट्रॉली लगेच वाळूवर ओढा, नाहीतर वाऱ्याबरोबर तीच आधी जलविहाराला निघते.

खाऱ्या पाण्यात ट्रेलर जास्त तरंगतो का?

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. चार चाकांच्या हिशोबात फरक चार-पाच किलोंचा. एरवी कोणाच्या लक्षात येणार नाही, पण वरच्या उदाहरणातल्यासारखा काठावरचा ट्रेलर तलावात टेकून राहतो आणि समुद्रात सुटतो, असं होऊ शकतं. तिथे टेपची खूण दोन बोटं खाली घ्या.